कुलपातली परात

मी तांब्याची परात बोलतेय. देवळाच्या फडताळात चकाकत बसलेय. कौतुक करू नका, ही माझी फजिती आहे.

दाल्मातियातल्या आमच्या बेटावर मी पेरिनाच्या घरी चाळीस वर्षं राबले. पेरिना विधवा, तोंडाची फटकळ. कुणी अंथरुणाला खिळलं की मला काखोटीला मारून निघायची. कोमट पाण्यात पाय बुडवायचे, जखमा धुवायच्या, टाचांना ऑलिव्हचं तेल चोळायचं. वर शिव्या. "हे पाय आहेत की जाळ्यात अडकलेले खेकडे?" म्हातारे कोळी हसता हसता रडायचे. एकानं विचारलं, किळस येत नाही का तुला?

"येते की. देवाला आली नसेल? तरी वाकलाच ना तो."

पवित्र गुरुवारी फादर मला मागून नेत. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून गावातले बारा पुरुष देवळात बसत. मी पाहिलं ते सांगते: बाराही जण घरून पाय घासून येत. नखं कापलेली, मोजे कोरे. फादर धुतलेलंच धुवत. पाण्याला रंगसुद्धा येत नसे.

मग एका वर्षी देवळाच्या मंडळींनी ठरवलं, पवित्र विधीची परात रोग्यांच्या पुवाला लावायची नाही. देऊळ सांभाळणाऱ्या बार्तुलनं मला लिंबानं घासलं, फडताळात ठेवलं आणि कुलूप घातलं. मान दिला हो मला. पेरिना प्लास्टिकची बादली घेऊन फिरू लागली.

यंदा तीच आजारी पडली. पाय सुजून काळे झाले. बुधवारी तिची भाची तोन्का देवळात आली.

"बार्तुलकाका, परात द्या. मावशी आता जात्येय. तिला एकदा पाय धुऊन हवेत, त्याच परातीत."

"उद्या विधी आहे गं पोरी. फादर पलीकडच्या बेटावर गेलेत. त्यांना न विचारता कशी देऊ?"

"तुमच्या आईचे पाय कुणी धुतले होते, काका?"

बार्तुल खिशातली किल्ली चाचपत राहिला. "विधी होऊ दे. मी स्वतः घेऊन येतो."

गुरुवारी सकाळी ती पुन्हा आली.

"आता नको, काका. बादलीतच धुतले. मावशीला दिसत नव्हतं. परात आणलीस का, म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं पायानं काठ चाचपला. म्हणाली, खोटारडे. पाणी मात्र छान आहे. मग गेली."

संध्याकाळी बाराव्या खुर्चीवर बार्तुल बसला. फादरनी त्याचा पाय माझ्यावर धरला. पाय इतका स्वच्छ होता, की मलाच लाज वाटली.

तेव्हापासून कुलूप नाही. बार्तुल फडताळ उघडं ठेवून वाट बघतो. मागायला कुणी येत नाही. आजारी माणसं घरोघर आहेत. वाकणारी एक होती, ती गेली.

अहो, मी फार जड नाही. उचलून तर बघा.