राखीव खेळाडूची भरपाई

"निकेश राखीव खेळाडू आहे," असं लीगच्या समितीच्या बैठकीत प्रभाकररावांनी कागदावरून वाचून दाखवलं आणि आमचा प्रेमदास खुर्चीतून अर्धा उठला.

"राखीव? साहेब, वर्ध्यात चौकाचौकात त्याचा फोटो लागून राह्यला. ताराचंद शेठच्या फोटोपेक्षा मोठा!"

"फ्लेक्स हा पुरावा होत नाही," प्रभाकरराव म्हणाले. जिना चढताना ज्यांना दोनदा थांबावं लागतं, असे हे गृहस्थ आमच्या कापूस चषक कबड्डी लीगचे अध्यक्ष.

लीगचा नियम असा, की तीन हंगाम खेळलेला खेळाडू आपल्या मर्जीने दुसऱ्या संघात जाऊ शकतो. त्याला कुणी अडवायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण जुन्या संघाला भरपाई म्हणून नव्या पोरांच्या निवडीत वरचा नंबर मिळतो. किती वरचा, ते गेलेला खेळाडू किती मोठा होता यावर ठरतं. आणि तो किती मोठा, हे सांगणार कोण? तर त्याला नेणारा संघ! चोरालाच विचारायचं, बाबा, दागिना खरा होता की खोटा?

मागच्या वर्षी ताराचंद शेठच्या वर्ध्याच्या संघातून योगेंद्र जाम गावच्या संघात गेला. गुडघा गेलेला, शेठलाच नकोसा झालेला. तरी जामवाल्यांनी शेठची मर्जी राखायला त्याला मोठा खेळाडू म्हणून दाखवलं आणि शेठला पहिला नंबर मिळाला. यंदा शेठने आमच्या वडनेरचा निकेश नेला, तर त्याला राखीव ठरवून आम्हाला शेवटचा. निकेशशिवाय आमच्याकडे चढाई करणारा कुणी नव्हता. निवडीत चांगला पोरगा हाती लागला नाही, तर वडनेरचा संघ लीगमधून बाहेर जाणार हे शाळकरी पोरालाही कळत होतं. या समितीला तेवढं कळलं नाही.

मी वडनेरच्या कबड्डी मंडळाचा सचिव, म्हणजे नुसता पत्र लिहिणारा. मंडळ खरं प्रेमदासचं. हायवेवरचं पंक्चरचं दुकान संध्याकाळी बंद करून तो मैदानावर यायचा आणि पोरांचे गुडघे सोलू नयेत म्हणून माती चाळणीने चाळत बसायचा. निकेश वजनगटात बसावा म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवायचा, आणि स्वतःही जेवायचा नाही. "पोरगा उपाशी अन् मी जेवू काय?" असं म्हणायचा.

"त्यालेच विचारा ना," प्रेमदास म्हणाला. "थो काय तिथं बसला."

निकेश शेठच्या शेजारी नव्या जर्सीत बसला होता. प्रभाकररावांनी विचारलं. निकेशने शेठकडे पाहिलं, मग आपल्या नव्या बुटांकडे.

"राखीवच आहो मी," तो म्हणाला.

"खोटं बोलून राह्यला हा!" मी ओरडलो. प्रेमदासने माझा हात दाबला.

"राहू द्या, सचिनभाऊ. शेठनं त्याले आपल्या कापसाच्या जिनिंगमधी कामाले लावलं. खरं बोलला तं उद्या घरी बसन."

"अन् आपला संघ?"

त्याने माझा हात सोडला नाही. मला शेठची किळस आली, निकेशची तर जास्तच आली. प्रेमदासच्या चांगुलपणाचाही त्या क्षणी राग आला.

आमच्याकडे एखाद्याला न्याय द्यायचा नसला की त्याचा सत्कार करतात. प्रभाकररावांनी टाळी वाजवून शाल आणि नारळ मागवला. असा हिरा घडवणाऱ्या गुरूचा लीगला अभिमान आहे, असं ते म्हणाले. मिनिटापूर्वी हाच हिरा राखीव होता, हे त्या निर्लज्ज माणसाच्या ध्यानातही नव्हतं. प्रेमदासच्या खांद्यावर शाल पडली, फोटो निघाला. शेठने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

प्रेमदासने नारळ टेबलावर ठेवला. शाल काढली, निकेशसमोर गेला आणि त्याच्या खांद्यांवरून ती नीट पांघरली, अगदी गळ्यापर्यंत.

"राखीवले बाहेरच बसा लागते, बाबू," तो म्हणाला. "थंडी वाजते. पांघरून बसजो."

टाळ्या थांबल्या. निकेश पाया पडायला वाकला, पण प्रेमदास तोवर दाराशी जाऊन आपल्या चपला शोधत होता.