मालकाने मालाला हात लावू नये

२०१४ साली पनवेलजवळच्या विचुंब्यात ज्याच्याकडे गाळा होता तो सिमेंट, रेती नाहीतर विटा विकत होता. शैलेश भोईरने मात्र आपल्या गाळ्यावर ‘शैल लॉजिस्टिक्स सोल्युशन्स’ अशी पाटी लावली. ‘सोल्युशन्स’ हा शब्द पाटी रंगवणाऱ्याने सुचवला होता, पत्र्यावर जागा उरली म्हणून. हा नेमका कुठल्या अडचणीवरचा उपाय, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं हे शैलेशला शेवटपर्यंत सुचलं नाही. सुदैवाने कोणी विचारलंही नाही.

एक टेम्पो, एक वजनकाटा, खाकी खोकी आणि चिकटपट्ट्या एवढाच पसारा. घरबसल्या इंटरनेटवर माल विकणाऱ्यांकडून वस्तू आणायच्या, गाळ्यात ठेवायच्या आणि ऑर्डर आली की बांधून मोठ्या कुरियर कंपनीच्या गोदामात पोचवायच्या. शैलेश याला ‘सप्लाय चेन’ म्हणायचा. त्याचे वडील काशिराम ओट्यावर बसून वेगळं म्हणायचे.

“लोकांची पोरं घरं बांधतात. आमचा खोकी बांधतो.”

काशिराम नुसतं बोलून थांबले नव्हते. शैलेशचा चुलतभाऊ भावेश बांधकामाचा माल विकायचा; त्याला पावसाआधी सिमेंट ठेवायला कोरडी जागा हवी होती आणि शैलेशचा गाळा घराच्या अंगणातच, रस्त्याला लागून. बापलेकात ठरलं ते असं: खांदा कॉलनीतल्या कीर्ती देशपांडे लहान मुलांची झबली, टोपडी आणि दुपटी शिवून घेऊन देशभर विकतात. त्यांनी शैलेशला मे महिन्यापुरतं काम देऊन बघायचं ठरवलं आहे. आवडलं तर वर्षाचं काम त्याचं. नाही आवडलं तर गाळा भावेशला, आणि शैलेश भावेशच्या दुकानात विटा मोजायला. शैलेशने हे मोठ्या आत्मविश्वासाने कबूल केलं. आत्मविश्वासाची त्याला कधीच कमतरता नव्हती.

टेम्पो सकाळी तळोज्याच्या एका कारखान्याचे सुटे भाग घेऊन उरणकडे जायचा. येताना तो रिकामा आणणं शैलेशच्या धंद्याच्या अभ्यासात बसत नव्हतं. पण खरं सांगायचं तर तो रिकामा कधी आलाच नव्हता, कारण वाटेत मोरा बंदर होतं आणि मोऱ्याला गुणाबाई होती.

गुणाबाई कोळीण शैलेशच्या आईच्या वेळेपासून विचुंब्यात मासळीची पाटी घेऊन यायची. दुपारी भोईरांच्या ओट्यावर जेवायची, आईला बहीण म्हणायची, म्हणून ती शैलेशची मावशी. आई गेली, मावशीचे गुडघे गेले, पाटी बंद झाली. मग तिने टेम्पो धरला. विचुंबे, तळोजा, पनवेल, जिथे जिथे तिची घरं होती तिथे तिथे सुक्या मासळीची बोचकी जायची. बोचकी शैलेशच्या गाळ्यात उतरायची आणि ज्याची त्याने सवडीने न्यायची. मोऱ्याहून येणारी गाडी बोचकं घेतल्याशिवाय परत येत नाही, ही रीत कोणी घातली हे कोणाला ठाऊक नव्हतं. ती मोडायची म्हणजे नातं मोडायचं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मे महिन्यात तर आगोटीची बेगमी. पावसात मासळी मिळत नाही म्हणून प्रत्येक घर आधीच सुकं भरून ठेवतं. गाळ्यात बोंबील, सुकट, वाकटी यांची बोचकी छतापर्यंत गेली. शैलेशने ती नीट रॅकवर लावली. रॅकना नंबर दिले. खालच्या फळीवर बोंबील, वरच्या फळीवर कीर्तीताईंची झबली. वर पत्रा, बाहेर वैशाखाचं ऊन. अशी शिस्त आपण कुठल्याच गोदामात पाहिली नाही, असं त्याला वाटलं. ते खरंही होतं.

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या आठवड्यात पाकिटं परत येऊ लागली.

“शैलेश, माझ्या कपड्यांना वास येतोय,” कीर्तीताई फोनवर म्हणाल्या.

“कसला वास?”

“तेच कळत नाहीये. इंदूरची बाई लिहिते, जळकं रबर. जयपूरवाले म्हणतात, तलावात काहीतरी मेलंय. रत्नागिरीच्या एकीने मात्र पाच तारे दिलेत. लिहिलंय, पाकीट उघडलं आणि भूक लागली.”

शैलेशने परत आलेलं एक झबलं काढून नाकाला लावलं. छान साबणाचा वास होता. त्याने ड्रायव्हर जगनला हुंगायला दिलं.

“कापडाचा वास हाय,” जगन म्हणाला.

काशिरामांनी ते झबलं उजेडात धरून उलटसुलट केलं, हुंगलं आणि निकाल दिला. “काय नाय. बाई कटकटी दिसते.”

तीन साक्षी मिळाल्यावर शैलेशने कुरियर कंपनीला इंग्रजीत एक खरमरीत मेल लिहिला. तुमच्या गोदामातल्या अस्वच्छतेमुळे आमच्या ग्राहकांना मनस्ताप होत आहे, वगैरे. ‘हायजीन’ हा शब्द त्यात चारदा आला. दुसऱ्या दिवशी कंपनीने चक्क दिलगिरी व्यक्त केली. ते पत्र छापून त्याने गाळ्याच्या भिंतीला चिकटवलं आणि ते दाखवायला कीर्तीताईंना बोलावून घेतलं.

कीर्तीताई आल्या. आजवर टेम्पोच त्यांच्या दारात जायचा, गाळा त्यांनी पाहिला नव्हता. त्या रिक्षातून उतरल्या, पाटी वाचली, चार पावलं चालल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबल्या. पदर नाकाला गेला.

“या ना आत,” शैलेश म्हणाला. “तुमचा माल रॅक नंबर तीनवर आहे. आणि हे बघा, कंपनीचं माफीपत्र.”

“शैलेश, तुम्हाला खरंच येत नाही?”

“काय?”

त्यांनी गाळ्यातली बोचकी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. “महिना संपेपर्यंत मी थांबेन, शब्द दिलाय म्हणून,” पदराआडून त्या म्हणाल्या आणि त्याच रिक्षाने परत गेल्या. सरबताचा ग्लास शैलेशच्या हातातच राहिला. तो काशिरामांनी प्यायला.

शैलेश जिना चढून वर गेला. वरच्या खोलीचं दार नेहमीप्रमाणे बंद होतं. बायको, भावना, संगमनेरकडच्या माळकरी घरातली; दोघं बेलापूरच्या एका कचेरीत भेटलेली. ती खोलीचं दार सदैव बंद ठेवायची, कोपऱ्यात कापूर ठेवायची आणि शैलेशला आंघोळ केल्याशिवाय आत घ्यायची नाही. संगमनेरकडे अशी पद्धत असेल, असं तो लग्नापासून समजत आला होता.

त्याने दारातूनच झबलं पुढे केलं. “याला कसला वास येतो का बघ.”

भावनाने हातसुद्धा पुढे केला नाही. “बोंबील. आणि थोडी सुकट.”

“वाकटी?”

“तिसरं काहीतरी आहे. मला नावं नाही माहीत.”

शैलेश दाराबाहेरच्या पायरीवर बसला. “मग तू आधी का नाही सांगितलंस?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, घरात वास येतो म्हणून. तू म्हणालास, आमच्या घराला नावं ठेवतेस? मामंजी दोन दिवस जेवले नाहीत.”

“दोन दिवस नाही. एक वेळ.”

“तेव्हापासून मी वासाबद्दल बोलत नाही. कापूर लावते.”

शैलेशने आठवून पाहिलं. बेलापूरच्या कचेरीत त्याच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असायची. आपला दरारा आहे, असं तो समजायचा.

आता करायचं काय, ते उघड होतं. मावशीला सांगायचं की बोचकी बंद. दुसऱ्या दिवशी तो स्वतः टेम्पोत बसला. उरण येईपर्यंत त्याने वाक्यं तयार केली: मावशी, धंदा म्हटला की काही नियम पाळावे लागतात. जगन ऐकत होता.

“असं बोललास तर ती पाटी घालील डोक्यात,” जगन म्हणाला.

मोऱ्याला गुणाबाई वाळवणाच्या काठ्यांखाली बसली होती. तिने आधी त्याच्या हातात चहा दिला.

“मावशी, ते बोचक्यांचं जरा बोलायचं होतं.”

“कमी परतान का? बोल ना. आनखी देते.”

“तसं नाय. गाळ्यात कपडे असतात गो. लहान पोरांचे. त्यांना वास लागतो म्हणतात.”

“कसला?”

“तुझ्या बोंबलांचा.”

गुणाबाईने हातातला बोंबील नाकाजवळ नेला, शांतपणे हुंगला आणि परत ठेवला. “माझ्या बोंबलाला वास नाय. तुला येतो?”

“मला नाय येत.”

“मग? तुझ्या आयशीनं तुला पयला घास सुकटीचा दिलता, माझ्या हातची सुकट. तुला कसा येईल?” तिने पुढचा बोंबील काठीवर टाकला. “ती कपडेवाली बामनीन म्हंते, का तुझी बायको?”

“दोघी.”

“मंग बरोबर असंल,” ती म्हणाली. शैलेशला हायसं वाटलं. आता पुढचं वाक्य बोलायचं, एवढ्यात तिने जगनला हाक मारली. “यो बोचका याच्या बायकोला दे. खात नसली तरी असूं दे. पावसाचं घरात सुकं नको?”

धंद्याचे नियम सांगायला गेलेला मालक एक जादा बोचकं घेऊन परत आला. खारफुटी संपल्यावर जगनने मान वळवून मागची बोचकी पाहिली. मग म्हणाला, “चांगलं सांगितलंस.”

महिना संपायला थोडेच दिवस होते. बोचकी थांबवता येत नव्हती आणि झबली तिथे ठेवता येत नव्हती. संध्याकाळी ओट्यावर शैलेशने हे भावनासमोर मांडलं, काशिरामही ऐकत होते. भावना तांदूळ निवडत होती.

“या घरात वास न येणारी एकच जागा आहे,” ती म्हणाली. “माझी खोली.”

“तिथे आपण झोपतो.”

“कपडे वर राहतील. बांधीन मी, आणि गोदामात स्कूटरवर मीच पोचवीन. टेम्पोत नको. ज्याला वास येतो ते सगळं खाली राहील.”

“म्हणजे बोचकी.”

“बोचकी पण,” भावना म्हणाली.

काशिराम दुसरीकडे बघून हसले. शैलेशला समजायला थोडा वेळ लागला.

कीर्तीताईंकडे तो एकटाच गेला, दोनदा आंघोळ करून. दारातच उभा राहिला आणि सांगितलं: वास माझ्या गाळ्यातलाच होता. कंपनीने उगाच माफी मागितली, त्यांनाही मी आता उलटी माफी मागणारा मेल पाठवलाय. मला अजूनही वास येत नाही, पण तुम्हाला येतो हे मला मान्य आहे.

“त्यांचं काय उत्तर आलं?” कीर्तीताईंनी विचारलं.

“पुन्हा दिलगिरी व्यक्त केली.”

कीर्तीताई पहिल्यांदाच हसल्या. दोन दिवसांनी त्या येऊन वरची खोली पाहून गेल्या. दुपट्यांचा एक गठ्ठा उचलून त्यांनी नाकाला लावला, डोळे मिटले, कापराचा वास चालेल म्हणाल्या. वर्षाचं काम भावनाच्या हातात ठेवलं. एकच अट घातली आणि ती कागदावर लिहायचा आग्रह धरला: मालकाने मालाला हात लावू नये.

भावेशला निरोप गेला की गाळा मिळणार नाही. तो तसाही घेणार नव्हता. येऊन दारातून बोचकी पाहून गेला होता. त्याला स्वतःला वास येत नव्हता, पण बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांना येतो हे तो बिचारा धंद्यात आधीच शिकला होता.

तेव्हापासून ‘शैल लॉजिस्टिक्स सोल्युशन्स’चे मालक जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून मोबाइलवरचे पत्ते मोठ्याने वाचतात आणि वर भावना पाकिटं बांधते. वाचून झालं की ते गाळ्यात बोचक्यांशेजारी खाटेवर आडवे होतात. तिथे त्यांना फार छान झोप लागते. हवा एकदम स्वच्छ वाटते.