वजनाला टांगलेले पाय

फिजिओथेरपीच्या मुलीनं मनकर्णाबाईंच्या हनुवटीखाली पट्टा बसवला, दोरी कप्पीवरून घेतली आणि वजन हलकेच सोडलं. मान वर ताणली गेली.

"दुखतंय का आजी?"

"न्हाई गं. ही दोरी माझ्या वळखीची हाय."

केजच्या त्या दवाखान्यात समोर नुसती पांढरी भिंत होती. तिच्याकडं बघता बघता मनकर्णाबाईंना बहात्तरचा दुष्काळ आठवला.

तलावाच्या कामावर दरड कोसळून त्यांची मांडी मोडली, तेव्हा त्या विशीतल्या होत्या. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नडगीतून सळई घालून पाय दोरीनं वजनाला टांगला. हाड जुळेपर्यंत तसंच पडून राहायचं. घरचे सगळे तलावावर. खाडा केला तर चूल बंद.

वॉर्ड गच्च भरलेला. जवळ लावलेल्या शेजारच्या खाटेवर बायडाबाई, धनगराची. शेळ्यांसाठी पाला तोडताना लिंबावरून पडलेली. तिचाही पाय टांगलेला, शिवाय दोन्ही हात प्लास्टरात. सासू सकाळीच शेळ्यांकडं परतली होती. सासूनं भरून ठेवलेला माठ दोन खाटांमधल्या स्टुलावर होता.

त्या दुपारी आया फिरकलीच नाही. बायडाबाई सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती.

"पाणी देऊ का?" मनकर्णेनं विचारलं. मग लगेच म्हणाली, "आमी बौद्ध हाओत."

बायडाबाईनं तोंड फिरवलं. ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून फरशीवर उतरलं.

"दे," ती पलीकडं बघतच म्हणाली. "आन् तूबी पी."

पुढं मनकर्णाच तिला भरवू लागली. बायडाबाई एकेका शेळीच्या खोड्या सांगायची. दोघी हसल्या की वजनं हलायची आणि सिस्टर ओरडायच्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांना कुणी 'ऊठ' म्हणत नव्हतं.

बायडाबाईच्या हातांचं प्लास्टर निघालं. दोघींना घरी सोडलं ते एकाच दिवशी. बायडाबाईचा नवरा गहिनीनाथ सोसायटीच्या कडब्याच्या ट्रकमधून आला. मनकर्णेला न्यायला कुणी आलं नव्हतं. ती कुबड्यांवर दारात उभी होती.

"हिलाबी घ्या," बायडाबाई नवऱ्याला म्हणाली. "गाव वाटंवरच हाय."

"कोण ही?"

"बहीण हाय माझी."

मनकर्णेच्या हातावर 'जयभीम' गोंदलेलं होतं. गहिनीनाथानं ते पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि कुबड्या वर घेतल्या.

गावाजवळ मनकर्णा म्हणाली, "हितंच उतरते. लोक तुमालाच बोलतील."

बायडाबाईनं ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली. "थांबू नगा! हिच्या दारापर्यंत घ्या."

ट्रक मारुतीच्या पारासमोरून गेला. पारावरची माणसं उठून बघू लागली. वाटभर गहिनीनाथ गप्पच होता. बौद्धवाड्यात, मनकर्णेच्या दारासमोर त्यानं खाली उडी मारली आणि घराकडं तोंड करून मोठ्यानं हाक दिली,

"आवो, कुणी हाय का घरात? आमच्या मेव्हणीला आणलंय!"