तळ्याकाठचा अंगारा

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कम्युनिटी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बँकवाले, सॉफ्टवेअरवाले, सगळे तळहात पुढे करून रांगेत उभे. पुरुषोत्तमबाबा चिमूटचिमूट काळा अंगारा वाटत होते.

“साडेपाच हजार वर्षांपूर्वी ऋषींनी याच देशात तळ्याकाठी यज्ञ केला. त्या कुंडातला हा कोळसा! मी नाही, सायन्स म्हणतंय. लॅबमध्ये कार्बन डेटिंग केलंय!”

सायन्सचं नाव निघालं आणि उरल्यासुरल्या शंकाही हात जोडून रांगेत लागल्या.

आश्लेषाचं मात्र रक्त उकळत होतं. ब्रिस्टलच्या लॅबमध्ये ती तळ्याकाठच्या प्राचीन मुक्कामांतल्या चुलींचं वय काढायची. आणि इथे तिची आई, वैजयंती, अंगाऱ्याच्या भरवशावर आजपासून इन्सुलिन बंद करणार होती.

“बाबा, सगळा कोळसा एकत्र कुटून तपासायला दिलात ना?”

“कुटल्याशिवाय अंगारा होतो का, बेटी?” हशा पिकला.

“आम्ही कुटत नाही. एकेक कण वेगळा तपासतो. गेल्या महिन्यात आईने माझ्या पर्समध्ये तुमची पुडी घातली, त्यातले दोन कण तपासले. एक हल्लीच्या लाकडाचा, दुसरा दगडी कोळशाचा!”

“म्हणजे गं काय?” आईने विचारलं.

“झाड मेलं की त्यातला एक प्रकारचा कार्बन हळूहळू आटतो, आई. किती उरला त्यावरून वय कळतं. दगडी कोळशात तो कधीच संपलेला असतो. तो आणि नवं लाकूड निम्मंनिम्मं कुटलं की यंत्र सांगतं, साडेपाच हजार. लॅब खोटं बोलली नाही, यांनी तिला भेळ दिली! बार्बेक्यूच्या कोळशाच्या वड्यांतही हीच भेळ असते; गार्डन सेंटरमधून आणून मीही त्या कुटल्या. तेच वय आलं.”

“देवाची परीक्षा घेतेस?” बाबा कडाडले.

“देवाची नाही, कोळशाची! द्या न कुटलेला एक तुकडा.”

बाबांनी डबा मांडीखाली सरकवला.

आश्लेषा लोकांकडे वळली. “तळ्याकाठी माणसं खरंच राहत होती. मासे भाजायची, पोरांना ऊब द्यायची. त्यांच्या चुलीला औषध कशाला करता? आणि कोळसा खरोखर तेवढा जुना असता, तरी जुनेपणाने साखर उतरते का? पुरावा मागा, आणि बरं होण्याचाही मागा!”

वैजयंतीने तळहातावरचा अंगारा बाबांच्या शुभ्र गादीवर झटकला.

“चल गं,” ती म्हणाली. “इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे.”