हजार व्होल्ट

अब्दुल्लाने संमतीच्या कागदावर टेकवलेलं पेन उचललं आणि विचारलं, "व्होल्ट किती?"

"हजारच्या आसपास," डॉक्टर मारिया म्हणाल्या.

त्याने पेनाला टोपण लावलं. अठ्ठावीस वर्षं मस्कतला वायरमनकी केलेल्या माणसाला हा आकडा सांगायला नको होता, पण बाई सरळ होत्या.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या, हव्वाबीच्या पोटरीवरची कॅन्सरची गाठ दोनदा कापूनही परत आली होती. आता एक तर पाय काढायचा, नाही तर हे. मारियांनी न कंटाळता पुन्हा समजावलं. औषध रक्तातून गाठीपर्यंत पोचतं, पण पेशीचा पापुद्रा त्याला आत घेत नाही. म्हणून गाठीत सुया टोचून विजेचे आठ ठोके द्यायचे, एकेक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात पापुद्र्याला बारीक भोकं पडतात, औषध आत शिरतं आणि भोकं आपोआप बुजतात. भूल दिलेली असते.

अब्दुल्लाला सगळं कळलं, भीती मात्र तसूभर हलली नाही. मस्कतला त्याचा एक सोबती त्याच्या डोळ्यांदेखत तारेला चिकटला होता. शिवाय उभ्या आयुष्यात दोन वर्षांतून दोन महिने बायकोच्या वाट्याला आलेला हा माणूस चार वर्षांपूर्वी पनवेलला कायमचा परतला होता. त्याचा सलग संसार आत्ता कुठे लागला होता.

"पाय गेला तरी चालेल," तो म्हणाला. "ही राहिली पायजे."

कागद हव्वाबीचाच होता. नवऱ्यापुढे तो नुसता रीतीने सरकवला होता. तिने तो आपल्याकडे ओढला.

"पाय माजा हाय. नमाजला मला दोनी गुडघं टेकायचं हायत."

तिने सावकाश सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वॉर्डात आणलं. सगळं नीट झालंय, गाठ किती विरते ते पुढच्या महिन्यात कळेल, असं मारिया सांगून गेल्या. अब्दुल्ला खाटेजवळ उभा राहिला आणि त्याने तिच्या मनगटाला हात लावला, पण उलटा. वायरमन संशयाच्या वस्तूला आधी उलटा हात लावतो. झटका बसला तर हात मागे उडतो. तळव्याने धरलं तर बोटं मिटतात आणि मग सुटत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्याने हे तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

हव्वाबीने डोळे किलकिले केले. त्याचा हात सुलटा करून तिने आपल्या हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"नाय सुटला तरी चालंल," ती म्हणाली.