टेस्ट नावाचं खातं

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा तो माणूस शनिवारच्या मंडळात मात्र 'चाळणी' या नावानं ओळखला जायचा. मंडळ लिनक्सवाल्यांचं होतं, म्हणजे कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली चालवणाऱ्यांचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली ठेवलेल्या खोलीत दर शनिवारी दुपारी पंधरा-वीस जण जमायचे, लॅपटॉप उघडायचे आणि एकमेकांच्या अडचणी सोडवता सोडवता भांडायचे. मंडळाचा स्वतःचा मेल सर्व्हर होता, म्हणजे जिन्याखालच्या कपाटात ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. एकानं लिहिलेली मेल त्यातून सगळ्यांना जायची. त्यात घुसणारा स्पॅम, म्हणजे लॉटरीच्या आणि औषधांच्या जाहिरातींचा कचरा, गाळायचं काम सात वर्षं याच्याकडे होतं. म्हणून चाळणी.

नाव त्याला आवडायचं. दुकानात तो थोरल्या बहिणीच्या हाताखाली होता. गल्ला ताईकडे, गिऱ्हाइकांशी बोलणं ताईकडे, डोळे तपासणं ताईकडे. हा मागच्या खोलीत, चाकाच्या आवाजात. वाचनालयाचा जिना चढला की मात्र लोक त्याच्यासाठी खुर्ची ओढायचे. मग हा भिंतीवर पडदा लावून समजावून सांगायचा, की हे सगळं फुकट मिळणाऱ्या, कुणालाही उघडून बघता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. पोस्टफिक्स टपाल पोचवतं, स्पॅमअसॅसिन प्रत्येक पत्राला कचरेपणाचे गुण देतं, आणि अनोळखी ठिकाणाहून मेल आली की आपण पहिल्यांदा 'थोड्या वेळानं या' म्हणतो. खरा पोस्टमन परत येतो, कचरा टाकणारा सहसा येत नाही. या पोस्टमनवर दर वेळी कुणीतरी हसायचं. आणि शेवटी, बोट वर करून, तो सांगायचा की सोपा पासवर्ड ठेवणारा माणूस आणि दार उघडं टाकून गावाला जाणारा माणूस यांत त्याला काही फरक दिसत नाही.

त्या महिन्यात मंडळाच्या मेल पोचेनाशा झाल्या. कुणाच्या परत आल्या, कुणाच्या सरळ कचऱ्यात गेल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मंडळाच्या सर्व्हरचं नाव वाईट पाठवणाऱ्यांच्या यादीत गेलंय. वजन उतरवायच्या गोळ्यांच्या जाहिराती मंडळाच्या नावानं जगभर चालल्या होत्या. मंडळ चालवणाऱ्या बाई, निवृत्त गणित शिक्षिका, फोनवर म्हणाल्या, "तुम्ही असताना हे कसं झालं हो?" त्यांना साधं विचारायचं होतं. त्याला ते बोचलं.

त्यानं मनाशी हिशेब मांडला. जाहिराती सुरू झाल्या त्याच्या आठवडाभर आधी मंडळात एक नवा सभासद आला होता, लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. चाळीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. मंडळाला पाठवलेल्या पहिल्याच मेलमध्ये त्यानं विचारलं होतं, की चारशे लोकांना एकाच वेळी मेल पाठवायची असेल आणि ती स्पॅममध्ये जाऊ द्यायची नसेल, तर कुठलं फुकटचं सॉफ्टवेअर वापरावं. ओळख नाही, नमस्कार नाही, चारच ओळी. चाळणीनं ती मेल तेव्हाच बाजूला काढून ठेवली होती. आता ती पुन्हा वाचली आणि त्याला वाटलं, सापडला.

शनिवारी तो लिफ्टवाला आला तो बायकोला घेऊन. एका बेकरीत कामाला असलेल्या तिला खूप दिवसांनी शनिवारी सुट्टी मिळाली होती आणि नवरा दर आठवड्याला जातो तरी कुठे, हे तिला बघायचं होतं. दाराजवळच्या खुर्चीवर ती पर्स मांडीवर घेऊन बसली. बाईंनी तिला पाणी दिलं, नाव-गाव विचारलं.

चाळणीनं पडदा लावला आणि लिफ्टवाल्याची ती मेल भिंतीवर दाखवली. नाव झाकायचं त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि त्यानं झाकलं नसेल. मग तो बोलत सुटला. काही लोक मंडळात शिकायला येतात, काही लोक मंडळाच्या खांद्यावर बंदूक ठेवायला येतात. चारशे लोकांना मेल कशासाठी पाठवायची असते, हे इथं कुणाला सांगायला नको. दोन-चार जण हसले. दातांचे डॉक्टर, मंडळातले सगळ्यात जुने, मागे वळून बघायला लागले.

लिफ्टवाला उभा राहिला. त्यानं सांगितलं, की दुरुस्तीसाठी लिफ्ट बंद ठेवायची असली की आदल्या दिवशी रहिवाशांना कळवावं लागतं. वयस्कर माणसं असतात, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. कागद चिकटवला तर कुणी वाचत नाही. म्हणून विचारलं होतं. मग तो म्हणाला, "माझ्या मशीनवरून काही गेलं असेल तर दाखवा. मी आत्ता बंद करतो."

सर्व्हर प्रत्येक मेलची नोंद ठेवतो. ती उघडून दाखवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. चाळणी म्हणाला, "ते तुम्हाला कळणार नाही."

लिफ्टवाल्यानं लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, पिशवीत घातली. वायर नीट बसेना म्हणून पुन्हा काढून गुंडाळली. बायको आधीच उठून दारात उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. दोघं जिना उतरून गेली. चाळणीनं त्याचं नाव मंडळाच्या यादीतून तिथल्या तिथं काढून टाकलं आणि पुढचा विषय घेतला.

रविवारी सकाळी ताई आंघोळीला गेली असताना त्यानं सहज सर्व्हरकडे पाहिलं. जाहिराती चालूच होत्या. मिनिटाला साठ-सत्तर. तेव्हा कुठे त्यानं बाहेर जाणाऱ्या मेलची नोंद उघडली. सात वर्षं तो आत येणाऱ्यांचीच झडती घेत आला होता. बाहेर कोण जातंय हे बघायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. प्रत्येक जाहिरातीपुढे एकच खातं होतं. टेस्ट.

हे खातं त्याचंच होतं. सर्व्हर नवा बसवला तेव्हा सगळं चालतंय का बघायला त्यानं ते उघडलं होतं. नाव टेस्ट, पासवर्डही टेस्ट. काम झालं की काढून टाकू असं म्हणाला होता आणि विसरला होता. आता कुणीतरी, बहुधा जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या यंत्रानं, ते दार ढकलून पाहिलं होतं आणि दार उघडलं होतं. लिफ्टवाल्याच्या नावावर महिनाभरात बाहेर गेलेल्या मेल होत्या तीन. तिन्ही मंडळाला.

त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यानं खातं बंद केलं, रांगेत उभ्या असलेल्या नऊ हजार मेल पुसल्या आणि लॅपटॉप मिटून बसून राहिला. ताई बाहेर आली, म्हणाली चहा टाकतोस का, आणि त्यानं टाकला.

बाईंना फोन करायचा असं त्यानं ठरवलं होतं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं. बुधवारी बाईंचाच फोन आला. मेल पोचायला लागल्या होत्या, यादीतून मंडळाचं नावही निघालं होतं. बाई म्हणाल्या, बरं झालं तुम्ही वेळीच ओळखलंत. तो 'हं' म्हणाला.

त्या एका 'हं'नं सगळं बिघडलं. शनिवारी तो गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी जमलेल्यांना सांगितलं, की माणूस काढला आणि दुसऱ्या दिवशी कचरा थांबला, याहून वेगळा पुरावा कशाला हवा. सगळ्यांना पटलं. चाळणीच्याच हातानं रविवारी सकाळी बंद झालेलं खातं आता लिफ्टवाल्याविरुद्धचा पुरावा झालं होतं. कुणीतरी त्याला हे सगळं लिहून काढायला सांगितलं, म्हणजे दुसऱ्या गावांतल्या मंडळांनाही उपयोग होईल. आपल्यात काही लपवायची पद्धत नाही, असंही त्या सांगणाऱ्यानं जोडलं. चाळणीनं मान हलवली. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी छत्री ठेवली होती. त्याला तिकडे बघवेना.

दुकानात त्याच्या हातून दोन काचा तडकल्या. तिसऱ्यांदा डावी काच उजवीकडे बसली तेव्हा ताईनं चाक बंद केलं आणि स्टूल ओढून समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, की मी खोटं बोललो नाही, मी लिफ्टवाल्यानं केलं असं नंतर एकदाही म्हटलं नाही.

ताईनं पूर्ण ऐकून घेतलं. "गप्प बसलास ना?"

"हो."

"मग मला कशाला सांगतोस? त्या माणसाला सांग. मी ऐकून घेतलं की तुला हलकं वाटेल, एवढंच होईल."

तिनं त्याला दुपारनंतर दुकानातून घालवूनच दिलं. तो बुधवार होता.

लिफ्टवाला एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत सापडला. सहा मजले चढून जावं लागलं, कारण लिफ्ट त्यानंच बंद ठेवली होती. हातात ग्रीसचा डबा होता. चाळणीला पाहून त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चाळणी दम लागलेल्या अवस्थेतच बोलला. टेस्टचं खातं, पासवर्ड, नोंद, सगळं. माफी मागितली. लिफ्टवाला तारेच्या दोरावर ग्रीस लावत राहिला. मग फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "मला माहीत होतं मी काही केलं नाही. मला सांगून काय उपयोग? माझ्या बायकोला सांगा. घरी या."

"कधी?"

"सहाला मी सुटतो."

चाळणी खाली पायरीवर सहा वाजेपर्यंत बसून राहिला. सामान घेऊन वर जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंची पिशवी त्यानं चौथ्या मजल्यापर्यंत पोचवली. त्यांनी त्याला भला माणूस म्हटलं आणि तो जवळजवळ पळतच खाली आला.

लिफ्टवाल्याचं घर दोन खोल्यांचं होतं. बायको नुकतीच कामावरून आली होती, केसांना अजून पीठ होतं. तिनं त्याला ओळखलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, यांना काही सांगायचंय. आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला, बसला नाही.

चाळणीनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी सॉफ्टवेअरची नावं गळून पडली. आपण कुलूप न लावता दार सोडलं, चोर तिथून आला आणि नाव यांचं घेतलं, एवढंच उरलं. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

सहा मजले चढताना, पायरीवर बसून असताना त्यानं पुष्कळ प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. आजच कळलं, असं म्हणता आलं असतं. ते जिभेपर्यंत आलंही होतं.

"दुसऱ्याच दिवशी," तो म्हणाला. "रविवारी सकाळी."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे दहा दिवस. मधला शनिवारही गेला."

"हो."

"त्या शनिवारी लोक काय म्हणाले?"

त्यानं तेही सांगितलं. पाठीवरची थाप सांगितली, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं, पण फरशी घट्ट होती आणि तिच्यावर त्याचे धुळीचे बूट स्पष्ट उमटले होते. ते दारात काढायचंही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"त्या दिवशी जिना उतरताना मी यांना विचारलं," ती म्हणाली, "की खरंच तुम्ही काही केलंत का? बारा वर्षं झाली लग्नाला. कधी असं विचारलं नव्हतं." लिफ्टवाला खिडकीकडे बघायला लागला. ती उठली आणि आत गेली. भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं चाळणीला कळलं, की आपण आता जायचंय.

शनिवारी त्यानं मंडळात सांगितलं. नोंद भिंतीवर दाखवली, तारखांसकट. डॉक्टर म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते हो, विसरतो माणूस. तो म्हणाला, खातं विसरलो ती चूक होती, त्यानंतर मला सगळं आठवत होतं. डॉक्टरांनी मग चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंनी शांतपणे सर्व्हरचे पासवर्ड आणि कपाटाची किल्ली मागितली. त्यानं दोन्ही आणलंच होतं. काम डॉक्टरांकडे गेलं. बाईंनी लिफ्टवाल्याला स्वतः पत्र लिहिलं, मंडळाच्या वतीनं, आणि सगळ्यांना त्याची प्रत पाठवली.

त्यानं मंडळ सोडलं नाही. सोडणं सोपं होतं, आणि ताईनंही ते ओळखलं होतं. दर शनिवारी ती साडेतीनला चाक बंद करायची आणि काही न बोलता त्याचा डबा आवरायला लागायची. तो जायचा, मागे बसायचा, कुणी विचारलं तर तेवढंच सांगायचा.

दीड महिन्यानं लिफ्टवाला आला. बाईंनी त्याला पुढे बसवलं, डॉक्टरांनी हात मिळवला. बोलणं लगेच कुठल्या तरी प्रिंटरवर गेलं, जो लिनक्सला दाद देत नव्हता, आणि तासाभरात लिफ्टवालाही बाकीच्यांसारखा भांडायला लागला. निघताना तो चाळणीजवळून गेला, मान किंचित हलवली आणि जिना उतरला.

बायको त्याच्याबरोबर नव्हती. पुढच्या शनिवारीही नव्हती. बाईंनी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिला सुट्टी नसते. मग थोडं थांबून म्हणाला, असते कधी कधी. चाळणी मागच्या रांगेत होता. त्याला ते ऐकू गेलं.