दाराआडचं

भागुबाईंना मिरवायची भारी हौस. मखमलाबादला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा, पण फुलबाजारात बसल्या की फुलांपेक्षा सुनेचं कौतुकच जास्त. "आमची रूपाली फोनवर लिहिते अन् घरबसल्या पैसा येतो!" काय लिहिते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. अक्षराशी त्यांचं कधी जमलंच नाही. सून आधी बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा लेकराबाळांचं काहीतरी असेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. त्या पैशांतून मळ्यात ठिबक झालं, भिंतीएवढा टीव्ही आला. मग विचारायचं कशाला?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. वणीला दिलेली लेक हर्षालीही आली होती. रूपाली आत तिळगुळाची ताटं भरत होती आणि तिचा फोन बाहेर चार्जिंगला होता. भागुबाईंना राहवेना. त्यांनी फोन उचलून शेजारच्या नव्या सुनेच्या, वेदिकाच्या हातात ठेवला. "लाव गं मोठ्या टीव्हीवर. बघू दे बायांना, आमची सून काय लिहिते ते. कुलपाचा नंबर मला पाठ हाय."

वेदिकाने लावलं आणि तिचे कान लाल झाले. पण समोरच बचत गटाच्या चंद्रभागाबाई बसलेल्या. त्यांना अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय.

"दाराआडचं. नवराबायकोच्या शरीरसंबंधांविषयी मोकळं बोलू या." एकदा सुरू झालेली बाई थांबते होय! "ताई, लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा जवळ आला की जीव जाईल इतकं दुखतं. आईला विचारलं तर म्हणाली, दात आवळून पड, बाईच्या जातीला सोसावंच... अगं बाई!"

कुणी तोंडात पदर कोंबला, कुणी फिस्सकन हसलं. बघता बघता घर रिकामं झालं. वाण घ्यायलाही कुणी थांबलं नाही.

भागुबाईंनी टीव्हीची वायर उपटली. "हे लिहितेस तू? ह्या घाणीच्या पैशाचं ठिबक हाय माझ्या मळ्यात?"

"घाण नाही ती, आत्याबाई," रूपाली दारात उभी राहून म्हणाली. "सुरुवातीला हा ब्लॉग काळं कुत्रं वाचत नव्हतं. आता कुठनं कुठनं बायका विचारतात. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम उत्तरं तपासून देतात. वाचणारे वाढले तशा जाहिराती आल्या, त्यांचे पैसे मिळतात."

"माझ्या रविराजला ठाऊक हाय?"

"नाव त्यांनीच सुचवलं."

म्हणजे पोटचं पोरही सामील! भागुबाई मटकन खाली बसल्या. "उद्या बाजारात कोणत्या तोंडानं बसू मी? बंद कर ते. आत्ताच्या आत्ता. नायतर चांदवडची गाडी धर, अन् माहेरी बसून लिही काय ते."

रूपालीचे डोळे भरले, पण ती फोनला हात लावेना. "ही विचारणारी कोण, मला माहीत नाही. मी बंद केलं तर ती कुणाला विचारेल?"

"मी आहे ती," हर्षाली म्हणाली.

रूपालीच्या हातातलं ताट कलंडलं. तिळगूळ घरभर पसरला, कुणी उचलला नाही.

"पहिल्या दिवाळीला आले होते, आई. तू शेवंती खुडत होतीस. मी विचारलं, तर तू मान वरसुद्धा केली नाहीस."

भागुबाईंना आठवलं. शब्द न् शब्द आठवला. त्यांचंच बोलणं भरल्या घरात वाचून झालं होतं, आणि त्यांना ते ओळखूही आलं नव्हतं. घाण म्हणाल्या त्या त्याला.

"अजून दुखतं?"

हर्षालीने मान हलवली. हो.

"त्या चंद्रभागेनं नुसता प्रश्नच वाचला," भागुबाई सुनेला म्हणाल्या. "तू उत्तर काय दिलंस?"

रूपालीने फोनवर वाचलं. "यात तुझा दोष नाही. हा त्रास बरा होतो. लाजू नकोस, आईला सोबत घे आणि डॉक्टरांकडे जा."

"आईला घे, असं लिहिलंस?" भागुबाईंनी लेकीकडे पाहिलं. "मग मला का नाय घेऊन गेलीस गं?"

भागुबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. पदरानं तोंड पुसून त्या उठल्या आणि दाराशी चपला शोधू लागल्या.

"रूपाली, तुझ्या मॅडम आज असतात का गं?"